प्रमाण आणि प्रामाणिकपणा

मोटारीचे इंजिन बदलले म्हणजे मोटार तीच राहते की दुसरी होते, हा प्रश्न विद्वानांना फार प्रिय आहे. भिक्षू नागसेनाने मिलिंद राजाला रथाची चाके, आस, जू एकेक करून विचारले आणि मग रथ कोठे आहे असा पेच टाकला, तेव्हापासून तो चालत आला आहे. कायद्याने तो आपल्यापुरता सोडविला आहे. इंजिन बदलले की नोंदणीपुस्तकातला क्रमांक बदलून घ्यावा. आणि २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवायची तर तिच्या इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. मला मात्र त्याहून क्षुल्लक दिसणारा एक प्रश्न अधिक छळतो. बदललेल्या इंजिनात तेल किती आहे, हे कशाने पाहावयाचे?

आमच्याकडे वडिलांच्या काळची अँबॅसडर आहे. तिचे मूळचे १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन थकले, तेव्हा त्याच कंपनीने पुढील काळात वापरलेले इसुझू बनावटीचे १८१७ घनसेंटिमीटरचे इंजिन जुन्या बाजारातून आणून बसविले. त्याच्याबरोबर तेल पाहण्याची पट्टी आली नव्हती. कारागिराने जुन्याच इंजिनाची पट्टी घातली. ती नळीत नेमकी बसली, म्हणून कोणाच्या मनात काही आले नाही. पुढे रोज सकाळी, गाडी सपाट जागी असताना आणि इंजिन थंड असताना, मी ती पट्टी काढीत असे, पुशीत असे, पुन्हा बुडवून पाहत असे. तेल वरच्या खुणेला टेकलेले असे. कमी वाटले तर तेवढेच घालीत असे. कारण जास्त तेलही वाईट, क्रँक ते घुसळून त्याचा फेस करतो आणि फेसाने बेअरिंगे भिजत नाहीत.

गाडी चालविणारे आमचे गृहस्थ वडिलांच्या वेळेपासूनचे. इंजिन बदलल्यावर महिन्याभरातच ते म्हणाले, “बाब, आवाज सुको येता.” मी त्यांना पट्टी दाखविली. पुन्हा म्हणाले, पुन्हा दाखविली. तिसऱ्या वेळी माझ्या स्वरात, उलटतपासणीत साक्षीदाराला गप्प करण्याचा जो स्वर आम्हा वकिलांच्या अंगवळणी पडलेला असतो, तो आला. त्यानंतर ते काही बोलले नाहीत.

इंदूरला नातलगांकडे मुंज होती. खलघाटाला नर्मदा ओलांडून आग्रा-मुंबई रस्त्याने निमाडातून माळव्याच्या पठारावर चढताना घाटात तेलाचा तांबडा दिवा लुकलुकू लागला. हा दिवा तेल किती आहे ते सांगत नाही; तेलाचा दाब गेला एवढेच सांगतो, आणि सांगतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. माथ्यावर मानपुरला गाडी थांबविली. थोडा वेळ जाऊ दिला, सपाट जागी पट्टी काढली. तेल वरच्या खुणेवर! दिवा एक सांगत होता, पट्टी दुसरे. तेथल्या एका कारागिराने दोन्ही पाहिले आणि विचारले, “साहब, यह पट्टी किस इंजन की है?”

मी ज्ञानमार्गाची पुस्तके थोडीफार वाचली आहेत. परंतु इतका नेमका प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

त्याने चेंबरमधले सारे तेल काढून मापाने मोजले. त्या इंजिनाला लागते त्याहून ते लिटरभर कमी भरले. मग महूहून त्याच जातीच्या इंजिनाची पट्टी मागविली आणि दोन्ही शेजारी धरल्या. आमची पट्टी दोन बोटे लांब होती. ती खोल जाई, म्हणून थोडे तेलही तिच्या वरच्या खुणेला लागे. सपाटीवर ते कसेबसे पुरत असे. चढावर तेल मागे सरकले की पंपाच्या तोंडाशी हवा येई.

पट्टी येईतो तासभर बसावे लागले. समोर जानापावचा डोंगर होता. परशुरामाचा जन्म तेथला, असे तिकडचे लोक मानतात. आपण कोकणचे लोक त्याच्या बाणाने मापून दिलेल्या भूमीवर राहतो आणि बाणावली हे गावाचे नाव त्याची साक्ष म्हणून सांगतो. तो बाण कोणी तपासला होता, असा अश्रद्ध विचार त्या वेळी मनात येऊन गेला.

आपल्या भाषेत ‘प्रामाणिक’ हा शब्द ‘प्रमाण’ शब्दापासून आला आहे. मी पट्टीशी प्रामाणिक होतो यात शंका नाही. न चुकता पाहत होतो, खोटे बोलत नव्हतो. मग माझा दोष कोणता? कायदा येथे दोन तोंडांनी बोलतो. १८९७ च्या सामान्य परिभाषा अधिनियमाप्रमाणे एखादी गोष्ट वस्तुतः प्रामाणिकपणे केली असेल, तर ती निष्काळजीपणे केली असली तरी सद्भावनेनेच केलेली ठरते. १८६० ची दंडसंहिता मात्र म्हणत होती की, योग्य सावधगिरी व लक्ष यांवाचून केलेले काही सद्भावनेचे नव्हेच; २०२४ मध्ये अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही ती व्याख्या टाकलेली नाही. पहिल्या कायद्याने मी सुटतो. दुसऱ्याने सुटेन असे वाटत नाही.

आपल्या दर्शनांत हा वाद फार जुना आहे. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात तराजूचा दृष्टान्त आहे: तराजू सोने तोलतो तेव्हा तो प्रमाण असतो, पण तराजूविषयीच शंका आली तर तोही तपासण्याची वस्तू होतो, आणि पारखलेल्या सोन्यानेच तो तपासतात. यावर कोणी म्हणेल, मापाला माप आणि त्याला आणखी माप, याला अंत कोठे? मीमांसकांनी याच अडचणीवर बोट ठेवले. ज्ञान स्वतःच प्रमाण असते, जोवर त्याला बाधक असे दुसरे ज्ञान उभे राहत नाही. मध्वमतानुयायी वाचकांना साक्षीचा सिद्धान्त आठवेल. वकील म्हणून मला मीमांसकांचा पक्ष सोयीचा वाटला, आणि परतीच्या वाटेवर मी तो मनाशी मांडूनही पाहिला. पण तेथेही मी सुटत नाही. बाधक ज्ञान तीनदा माझ्या दारात उभे राहिले होते. ते कोकणीत बोलत होते, एवढेच.

देवळात नंदादीपाला तेल घालणाऱ्याला पट्टी लागत नाही. तेल आणि ज्योत दोन्ही त्याच्या डोळ्यांपुढे असतात. इंजिन बंद असते, म्हणून पट्टी. समाजही बंदच असतो. १५६० मध्ये श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळला आला, १९६१ मध्ये गोव्यातले राज्य बदलले; आणि गोव्याच्या देवस्थानांचा कारभार आजही १९३३ च्या पोर्तुगीज नियमांनी चालतो. महाजन कोण आणि कोण नव्हे, हे त्याच पट्टीवर पाहिले जाते. ती चुकीची आहे असे मी म्हणत नाही. मानपुरातली पट्टी जुनी म्हणून खोटी ठरली नाही. दुसऱ्या इंजिनाची म्हणून ठरली. आणि ते ठरविण्यासाठी आधी सारे तेल बाहेर काढून मोजावे लागले. हे काम किती जणांना रुचेल?

कारागिराने महूहून आलेली पट्टी बसविली, मोजून तेल भरले, थोडे चालवून थांबविले आणि तेल खुणेवर आल्याचे दाखविले. जुनी पट्टी त्याने माझ्या हातात दिली. गाडी चालविणारे गृहस्थ हा सारा वेळ बाजूला उभे होते. एक शब्द बोलले नाहीत. मी त्यांच्याजवळ गेलो आणि जे बोलायला हवे होते ते बोललो; ते येथे लिहिण्याचे कारण नाही. ते म्हणाले, “चलूं या, बाब, मुहूर्त चुकतलो.”

घाटाच्या माथ्यावरून इंदूरपर्यंत मी काच खाली करून इंजिनाचा आवाज ऐकत होतो. मला त्यातले काही कळले नाही.