अनोळखी पांथस्थ आणि दानाची पात्रता

श्रीगीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानासाठी देश, काल आणि पात्र पाहावे, असे सांगितले आहे. त्यांतील पात्राचा विचार गृहस्थाला फार अडवितो. गावातील गरजवंत ओळखीचा असतो. परंतु मोठ्या शहराच्या रेल्वे स्थानकाबाहेर हात पसरणारा खरोखर दीन आहे की ठक, हे कसे ओळखावे?

बंगळूरच्या मुख्य स्थानकाचा परिसर या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. समोर जेथे आज बसगाड्यांची अखंड वर्दळ असते, तेथे पूर्वी विस्तीर्ण तलाव होता. त्याचे नाव धर्मांबुधी, म्हणजे धर्माचा सागर! पाणी पिणाऱ्याची पात्रता त्याने कधी विचारली नाही. पुढे तलाव आटला व तेथे बसस्थानक झाले.

याच स्थानकाजवळ गुब्बी तोटदप्पा या व्यापाऱ्याने १८९७ साली जागा विकत घेतली. तेथे उभारलेली धर्मशाळा १९०३ मध्ये सुरू झाली. प्रवाशांना व विद्यार्थ्यांना विनामूल्य आसरा मिळावा, हा तिचा हेतू होता. यात मोठा विवेक आहे. रोख पैसा दिला तर त्याचा दुरुपयोग संभवतो. परंतु डोक्यावर छप्पर दिले, तर ठकालाही फार तर रात्रीची झोप लाभते, आणि झोपेची गरज ठकालाही असतेच! दानाचे स्वरूपच असे निवडले, की घेणाऱ्याची झडती घेण्याचे कारण उरत नाही. शिवाय, परतफेडीची अपेक्षा नसावी, हे गीतेतील लक्षण येथे आपोआप साधते. कारण पांथस्थ सकाळच्या गाडीने निघून जातो, दाता व तो एकमेकांचे तोंडही पाहत नाहीत.

यावर कोणी म्हणेल की, तोटदप्पांना म्हैसूरच्या महाराजांकडून ‘धर्मप्रवर्त’ ही पदवी मिळाली, मग ते दान निष्काम कसे? पदवी राजाने दिली, पांथस्थाने नव्हे. दात्याच्या मनात तिची इच्छा होती की नाही, याचा निवाडा बाहेरून होऊ शकत नाही.

प्रत्येकाला धर्मशाळा बांधता येत नाही, हे उघड आहे. तथापि कन्नड लिपी न येणाऱ्या वृद्ध यात्रेकरूला बसची पाटी वाचून दाखविणे, तहानलेल्याला पाणी देणे, चुकलेल्याला तिकिटाच्या खिडकीपर्यंत पोचविणे, यांत ठकविले जाण्याची भीती ती कोणती?