धुराची खतावणी

परळ नाक्यावर सिग्नल लागला तरी गाड्यांची इंजिने चालूच असतात. आत एसी हवा असतो ना. त्या गाड्यांना टेकूनच म्हणावे इतक्या जवळ कुणी सरबताची गाडी लावून उभे असते, दिवसाचे दहा तास.

शहरात वाहनांचा धूर किती, याचे गणित तसे सोपे आहे. गाड्या किती, त्या धावतात किती किलोमीटर आणि दर किलोमीटरला किती ग्रॅम धूर सोडतात, या तिन्हींचा गुणाकार. शेवटचा आकडा वाहने तपासणारी, पुण्याच्या एआरएआयसारखी संस्था प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून काढते. तिथे हिंदमाता चौकातली कोंडी नसते. सप्टेंबर २०२५ मध्ये एल्फिन्स्टनचा पूल पाडण्यासाठी बंद झाला आणि सगळा भार टिळक पूल, करी रोडकडे वळला. गाड्या त्याच राहिल्या, पण मुंगीच्या चालीने. अशा वेळी कागदावरचा ग्रॅम खोटा पडतो.

पण मला खरी बोच आहे ती पुढच्या हिशेबाची. धुराचे रुपये कसे करायचे? अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० मध्येच मँचेस्टरच्या धुराकडे बोट दाखवले होते : धुरामुळे कपडे जास्त वेळा धुवावे लागतात, तो खर्च धूर सोडणारा देत नाही. गिरणगावाला हे वेगळे सांगायला नको. आता कपड्यांच्या जागी फुप्फुसे आली. एक पद्धत बुडालेली मजुरी मोजते. म्हणजे गाडीत बसलेल्या साहेबांचा खोकला महाग आणि सरबतवाल्याचा स्वस्त. चाळीतल्या आजीचा तर जवळजवळ फुकटच. दुसरी पद्धत विचारते, धोका कमी व्हावा म्हणून तुम्ही किती पैसे मोजाल? ज्याच्या खिशातच नाही, तो काय आकडा सांगणार!

केईएम रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत आणि सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईतल्या तीन वस्त्या आणि एक खेडे निवडून चार हजारांवर माणसे तपासली. हवेतला सल्फर डायऑक्साइड मोजला, खोकला-दम विचारला, फुप्फुसांची ताकद पाहिली. त्या नोंदीत एक माणूस म्हणजे एक माणूस. रुपयांत उतरवताना आपण ही साधी गोष्ट कुठे सांडतो, कळत नाही.

परवा दादरहून गिरगावला टॅक्सीने येत होतो. टॅक्सी सीएनजीची, म्हणून उगाच थोडे बरे वाटत होते. हिंदमाताला अडकलो. बाहेर गजरेवाली पदराने नाक झाकून गाड्यांमधून फिरत होती. मी काच वर केली. मीटरवर वेटिंग चढत होते, तेवढे मात्र मी डोळ्यांत तेल घालून पाहत होतो. उतरताना वेटिंगसकट पैसे दिले आणि सुटे मोजून परत घेतले.