गवंड्याची दोरी

एका शहरात जुना जिमखाना होता. त्याच्या मागच्या अंगाला लाल मातीचं एकच टेनिस कोर्ट होतं. कोर्टवर एक म्हातारा मार्कर होता. सकाळी तो कोर्ट तयार करायचा आणि संध्याकाळी नवशिक्यांना शिकवायचा.

त्याच्याकडे एक तरुण गवंडी शिकायला येऊ लागला. हात मजबूत होते, मेहनतीची तयारी होती. रॅकेट धरायला तो लवकर शिकला. खांदा वळवून फोरहँड मारायलाही शिकला. पण एका फटक्यानं त्याच्या मनात घर केलं होतं. जिमखान्यातल्या सर्वांत चांगल्या खेळाडूनं एकदा बाजूच्या रेषेला धरून चेंडू सरळ मारला होता. समोरचा जागेवरून हललाही नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तरुणाला तोच फटका हवा होता.

मार्कर समोरून चेंडू द्यायचा आणि म्हणायचा, "तिरका मार." तरुण सरळच मारायचा. चेंडू नेटमध्ये जायचा. जरा वर उचलला, की मागच्या रेषेबाहेर पडायचा. त्यानं रॅकेटचं गटिंग बदलून घेतलं. मग रॅकेटच बदलली. चेंडू नेटमध्येच गेला.

एका संध्याकाळी मार्कर म्हणाला, "उद्या पहाटे ये. येताना बांधकामाची दोरी आण."

"दोरी कशाला, काका?"

"आण तर खरी."

पहाटे दोघांनी कोर्टवर पाणी मारलं, रोलर फिरवला, चुन्याच्या रेषा आखल्या. मग नेट बांधलं. "खांबाशी माप," मार्कर म्हणाला. तरुणानं मापलं. साडेतीन फूट भरलं.

मार्कर कोर्टच्या मध्यावर गेला. तिथला पट्टा ओढून त्यानं नेट खाली घेतलं. एक जुनी लाकडी रॅकेट उभी धरली, तिच्यावर दुसरीचं डोकं आडवं टेकवलं. नेटची कड बरोबर तिथवर आली. तरुणानं तिथंही मापलं. तीनच फूट.

"आता दोरी लाव. एकेरीच्या रेषेवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत."

दोरी 78 फूट भरली. 1877 साली विंबल्डनची पहिली स्पर्धा झाली, तेव्हाही कोर्ट एवढंच लांब होतं आणि 27 फूट रुंद होतं. तरुणानं 78 फुटांवर दोरीला गाठ मारली.

"आता तीच दोरी या कोपऱ्यातून समोरच्या तिरक्या कोपऱ्यात ने."

तरुण दोरी घेऊन चालत गेला. गाठ कोपऱ्यापर्यंत पोचलीच नाही. त्यानं दोरी ताणून पाहिली. मग टेप काढून उरलेलं अंतर मापलं. साडेचार फूट. तो खाली बसला आणि गाठीकडे बघत राहिला.

"वरून अर्धा फूट, लांबीला साडेचार फूट," तो म्हणाला. "तिरक्या फटक्याला एवढी जागा जास्त आहे?"

"रोज आहे. ऊठ."

मार्करनं चेंडू दिला. तरुणानं तिरका मारला. थोडा लांबला, तरी आत पडला. पुढचा थोडा खाली गेला, तरी मधल्या नेटवरून निघाला. मार्करनं तो परत पाठवला. तरुणानं आला तसाच पुन्हा तिरका मारला. पहिल्यांदाच चेंडू दोघांच्या मध्ये खेळत राहिला.

दम खात तरुणानं विचारलं, "काका, मग तो खेळाडू सरळ कसा मारतो?"

"त्याला कमी जागा पुरते. वर्षानुवर्षं तिरका मारून हात बसवलाय त्यानं."

"आणि मी?"

"शिकणाऱ्यानं आधी ती वाट धरावी, जिथं चुकायला जागा असते."

तरुण बेसलाइनवर गेला. चेंडूंची टोपली रिकामी होईपर्यंत त्यानं एकही चेंडू सरळ मारला नाही.