अकरा लाखांचं पेन आणि दोन इंचांची पेन्सिल

२००९च्या गांधीजयंतीच्या सुमारास माँ ब्लाँ या कंपनीने महात्मा गांधींच्या नावाचं एक शाईचं पेन बाजारात आणलं. किंमत ११ लाख रुपयांवर. नग फक्त २४१, कारण दांडीयात्रा २४१ मैलांची मानली जाते. निब १८ कॅरेट सोन्याची आणि तिच्यावर गांधीजींची आकृती कोरलेली. चातीवरच्या सुताची आठवण व्हावी म्हणून पेनाच्या अंगाभोवती सोन्याची तार हाताने गुंडाळलेली. बालमजुरीतून सोडवलेल्या मुलांसाठी कंपनीने गांधीजींचे पणतू तुषार गांधी यांच्या संस्थेला देणगीही दिली. तरी केरळ उच्च न्यायालयात याचिका गेलीच. बोधचिन्हं आणि थोरांची नावं धंद्यासाठी वापरायला मनाई करणारा १९५०चा कायदा त्या याचिकेच्या मुळाशी होता. २०१०मध्ये कंपनीने या पेनांची भारतातली विक्री थांबवली.

कायद्यापुरतं ते प्रकरण तिथे संपलं. पण महागडं पेन घेण्यात गैर नेमकं काय, हा प्रश्न त्या गदारोळात बाजूलाच राहिला. निवृत्तीच्या वेळी एखादा शिक्षक स्वतःसाठी सोन्याच्या निबेचं पेन घेतो. एखादी वकील पहिला मोठा खटला जिंकल्यावर घेते. अशी माणसं दुकानात उभी असताना मनात कुठेतरी चुकल्यासारखं वाटून घेतात, आणि ते वाटणं खोटं नसतं. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून तिच्याशेजारी पेन ठेवणाऱ्या घरात तर पेच आणखीच वाढतो. ज्या वस्तूला हळदकुंकू वाहायचं ती उत्तम असावी, की साधी असलेलीच बरी?

उत्तर शोधायला गांधीजींकडेच जावं लागतं, पण ते तिथे सरळ मिळत नाही. गांधीजींचे सहकारी काकासाहेब कालेलकर यांनी १९१५च्या मुंबई काँग्रेसच्या वेळची एक हकिकत सांगून ठेवली आहे. गांधीजी मेजावर काहीतरी शोधत होते. काय हरवलं म्हणून विचारलं, तर पेन्सिल. काकासाहेबांनी आपली पुढे केली, पण ती त्यांना नको होती. मद्रासला प्रकाशक जी. ए. नटेसन यांच्या लहान मुलाने प्रेमाने दिलेली पेन्सिल होती ती. ती हरवून कसं चालेल? शेवटी दोघांनी मिळून शोधली. सापडला तो दोन इंचही न भरणारा तुकडा.

हाच माणूस दक्षिण आफ्रिकेत असताना गीता वाचता वाचता अपरिग्रहाच्या कल्पनेने इतका भारला, की त्याने १० हजार रुपयांची आपली विमा पॉलिसी सोडून दिली. बायकामुलांसाठी केलेली तरतूद ज्याने सहज सोडली, त्याला पेन्सिलीचा तुकडा सुटेना. हा मोह म्हणायचा का?

जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची जी व्याख्या आहे ती इथे उपयोगी पडते. तिथे परिग्रह म्हणजे मूर्च्छा. वस्तू किती आणि केवढ्याची हा मुद्दा दुय्यम. वस्तूने मनाला जी गुंगी आणली ती मुख्य. या मापाने पाच रुपयांचं बॉलपेनही परिग्रह ठरू शकतं आणि लाखाचं पेन ठरणारही नाही. गांधीजींच्या पेन्सिलीत गुंगीचा लवलेश दिसत नाही. ती पेटीत जपून ठेवलेली नव्हती, झिजेपर्यंत वापरली जात होती. पोराने दिलेलं प्रेम त्यांना वाया जाऊ द्यायचं नव्हतं.

मात्र या व्याख्येला एक चोरवाट आहे. ‘मी आतून अलिप्त आहे’ एवढं म्हटलं की तिजोरी भरायला मोकळीक मिळते. ही वाट गांधीजींनी स्वतः बुजवून टाकली. १९३०मध्ये पुण्याच्या येरवडा तुरुंगातून ते आश्रमवासीयांना दर आठवड्याला एकेका व्रतावर पत्र लिहीत. ‘मंगलप्रभात’ ही त्याच पत्रांची पुस्तिका. तिथे त्यांनी अपरिग्रहाला अस्तेयाशी जोडलं. ज्याची गरज नाही ते जवळ ठेवणं ही त्यांच्या लेखी चोरीच, कारण ते कुणाच्या तरी गरजेचं असतं. म्हणजे आतलं माप पुरेसं नाही, बाहेरचंही हवं. आणि बाहेरचं माप लावायचं तर पैसा कुठे गेला हे पाहावं लागतं.

चांगल्या पेनात तो बऱ्याच ठिकाणी जातो. निब सोन्याची असली तरी कागदाला सोनं टेकतच नाही. टेकतो तो टोकावर जोडलेला कठीण मिश्रधातूचा बारीक मणी. तो मधोमध चिरलेला असतो. त्या चिरेतून शाई केशाकर्षणाने खाली उतरते आणि तिची जागा घ्यायला हवा निबेखालच्या फीडमधून वर जाते. भिंग लावून पाहिलं की निबेची दोन पाती एका पातळीत आहेत की नाही ते कळतं. केसाएवढा फरक असला तरी पेन कागद खरवडतं. हे जुळवण्याचं काम माणसाचा हात आणि डोळा करतो. मात्र नीट घासलेली पोलादी निबही तितकीच सुरेख लिहिते, हे गिऱ्हाइकाला सांगणारा दुकानदार मिळायला हवा. सोन्याने अक्षर सुधारत नाही.

जपानी माकी-ए पेनांची गोष्ट वेगळी. नामिकी या कंपनीच्या वरच्या प्रतीच्या पेनावर उरुशी या झाडाच्या चिकाचं लाखकाम असतं. ओल्या लाखेवर सोन्याची भुकटी नळीतून अलगद शिंपडतात. ही लाख उन्हात वाळत नाही, तिला घट्ट व्हायला दमट हवा लागते. म्हणून पेन ओलसर कपाटात ठेवायचं, मग कोळशाने घासायचं, पुन्हा लाख, पुन्हा कपाट. एका पेनावर महिनोन्‌महिने जातात. तिथे किमतीचा मोठा भाग कारागिराच्या आयुष्यातल्या दिवसांचा असतो, आणि ते दिवस स्वस्तात मागणं हाही एक लोभच आहे.

कारागिराच्या या हिशेबात वर्धाही येते. गांधीजींच्या सांगण्यावरून आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी स्वदेशी पेनं करायला घेतली. १९३५मध्ये त्यांचं एक पेन वर्ध्याच्या ग्रामोद्योग संघाच्या जे. सी. कुमारप्पांमार्फत गांधीजींच्या हाती आलं. त्यांनी ते वापरून पाहिलं आणि मगच पत्र पाठवलं: बाजारातल्या परदेशी पेनांना हा चांगला पर्याय दिसतो. पत्र दोन-तीन ओळींचं, पण क्रम पाहण्यासारखा आहे. आधी लिहून पाहिलं, मग शिफारस केली. बोरूनेही लिहिणाऱ्या त्या माणसाला फाउंटन पेनाचं वावडं नव्हतं. ते कुणी केलं आणि ते लिहितं कसं, एवढं त्याला पाहायचं होतं.

मग अकरा लाखांच्या पेनात काय खुपतं? यासाठी तुकोबांची एक परंपरागत कथा आठवावी. घरच्या सावकारीची खतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली, पण सगळी नव्हे. धाकटा भाऊ कान्होबा याच्या वाट्याची निम्मी त्याला दिली आणि आपल्या वाट्याची तेवढी नदीत सोडली. त्याग करायचा तो आपल्या वाट्याचा. भावाच्या वतीने विरक्त होण्याचा हक्क तुकोबांनीही घेतला नाही. म्हणून शेजाऱ्याच्या खिशातलं पेन पाहून नाक मुरडण्याचा अधिकार कुणाला पोचत नाही. आणि त्याच न्यायाने, दुसऱ्याने केलेला त्याग आपल्या मालावर मढवून विकण्याचा अधिकारही पोचत नाही. २४१ मैल गांधीजी चालले ते गरिबाच्या मिठासाठी. त्या आकड्याने पेन दुर्मीळ करणं म्हणजे त्यांचं व्रत आपल्या खात्यावर वटवणं. खुपतं ते हे; नुसती किंमत नव्हे.

स्वतःच्या पेनाचं मात्र स्वतःलाच ठरवावं लागतं, आणि त्यासाठी जैन गृहस्थांचं परिग्रह-परिमाण व्रत फार व्यवहारी आहे. साधूने सगळं सोडायचं. गृहस्थाने शेत, घर, सोनं, धान्य, भांडीकुंडी या प्रत्येकाची मर्यादा आधीच बांधून घ्यायची आणि ती ओलांडायची नाही. ‘आधीच’ हा त्यातला कळीचा भाग, कारण काचेच्या कपाटासमोर उभं राहिल्यावर बांधलेली मर्यादा टिकत नाही. निवृत्त शिक्षकाने घरीच ठरवावं: पेनं दोन, खर्च अमुक. दुकानात नुसतं नाव लिहून समाधान मानू नये. आपल्या नेहमीच्या वहीत, नेहमीच्या वेगाने पानभर लिहावं. निब अडखळते ती बहुधा दहाव्या-बाराव्या ओळीत. तिसरं पेन आवडलंच, तर आधीचं एक कोमट पाण्याने धुऊन, निब तपासून, रोज लिहिणाऱ्या एखाद्या भाचीला किंवा विद्यार्थ्याला देऊन टाकावं. शाई आत वाळून फीड तुंबलेलं पेन दान म्हणून कुणाच्या हातावर ठेवू नये.