रविवारचा सामना, सोमवारचा पेपर

जर्मनीत अमेरिकन फुटबॉल रुजला तो तिथल्या अमेरिकी सैनिकी तळांमुळे. १९७७ साली फ्रँकफर्टमध्ये पहिला क्लब निघाला, १९७९ मध्ये लीग सुरू झाली. आज वरच्या दोन लीगच्या खाली रेगिओनाललीगा, ओबरलीगा अशी उतरंड आहे. खालच्या पायऱ्यांवरचे बहुतेक खेळाडू पगार घेत नाहीत. उलट क्लबची वर्गणी भरतात, हेल्मेट आणि शोल्डर पॅडसाठी स्वतःचा खिसा हलका करतात. हंगाम साधारण मे ते सप्टेंबर, आणि उन्हाळी सत्राच्या परीक्षाही याच काळात. त्यामुळे खेळणाऱ्या विद्यार्थ्याची ओढाताण ठरलेली.

पुढचा संवाद अशाच एका ओढाताणीचा आहे. भाचा कोल्हापूरचा, नॉर्थ राईन-वेस्टफालियात मेकॅनिकलची मास्टर्स पदवी करतो, ओबरलीगातल्या एका क्लबकडून खेळतो. आत्या कोल्हापुरातच कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेली. फोन सोमवारी संध्याकाळचा.

भाचा : आत्या, येत्या रविवारी आमचा सामना आहे. हरलो तर क्लब खालच्या लीगमध्ये जाणार. सामना परगावी, बसने तीन तास. परतायला मध्यरात्र होईल. आणि सोमवारी सकाळी साडेआठला हीट ट्रान्सफरचा पेपर. या विषयात एकदा नापास झालोय. तीनच संधी असतात, तिसरीही गेली तर अभ्यासक्रमच सोडावा लागतो. पेपरमधून नाव काढून घ्यायचं तर गुरुवारपर्यंत घ्यावं लागेल.

आत्या : म्हणजे वाटा तीन. सामना सोडायचा, पेपर सोडायचा, नाहीतर दोन्ही करायचं. तुझा कल कुठे आहे?

भाचा : दोन्हीकडे. मायरन रोलनं केलं होतं की. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा खेळाडू. नोव्हेंबर २००८ मध्ये ऱ्होड्स शिष्यवृत्तीची मुलाखत आणि मेरीलँडविरुद्धचा सामना एकाच दिवशी आला. अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये मुलाखत दिली, शिष्यवृत्ती मिळवली, तिथून विमानानं निघाला आणि दुसऱ्या क्वार्टरमध्ये मैदानात उतरला. पुढे ऑक्सफर्डला शिकला. आज तो न्यूरोसर्जन आहे.

आत्या : त्याची मुलाखत आधी होती आणि सामना नंतर. तुझं उलटं आहे. शिवाय तो उशिरा येणार, हे त्याच्या संघाला केव्हा कळलं होतं?

भाचा : आधीच. प्रशिक्षक बॉबी बाउडेन यांची संमती होती.

आत्या : तुझ्या प्रशिक्षकाला पेपरचं माहीत आहे?

भाचा : नाही अजून. आधी स्वतःचं ठरू दे म्हटलं.

आत्या : बरं, त्याकडे परत येऊ. रविवारी अंगाला मार बसतो तुमच्या. डोक्याला बसला तर?

भाचा : मग सोमवार गेलाच. कन्कशनचे, म्हणजे मेंदूला बसलेल्या धक्क्याचे नियम कडक आहेत. २०२२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला भरलेल्या परिषदेतल्या तज्ज्ञांचंही म्हणणं हेच, की आधी वाचन-अभ्यास पूर्ववत व्हायला हवा, पूर्ण ताकदीचा खेळ त्यानंतर. ज्या डोक्याला पुस्तक झेपत नाही, त्याला मैदानही झेपणार नाही.

आत्या : तर मग आठवडाभर जागरणं करून, बसमध्ये नोट्स चाळत जो मैदानात उतरेल, तो तरी पुरता तिथे असेल का? दोन्हीकडे अर्धं हजर राहणं ही तडजोड दिसायला सोयीची. पण तिची किंमत दोन्हीकडची माणसं भरतात.

भाचा : मान्य. मग पेपर सोडतो. पेपर पुन्हा येतो, हा सामना पुन्हा येत नाही. आणि टिळकांनी नाही का डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष तब्येत कमावण्यात घालवलं? अभ्यास मागे पडला, तरी त्यांनी त्याची फिकीर केली नाही.

आत्या : टिळकांचं उदाहरण चांगलं आहे, पण ते पुरतं घे. ते वर्षाच्या सुरुवातीला ठरवलेलं होतं. परीक्षा आठवड्यावर आल्यावर सुचलेलं नव्हतं. तुझ्या पेपरचं काय होईल? हिवाळी सत्रात येईल ना तो?

भाचा : हो, चार पेपरांसोबत पाचवा. कदाचित एक सत्र वाढेल. व्हिसासाठी ब्लॉक खात्यात वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात, त्यासाठी बाबांनी कर्ज काढलंय. सत्र वाढलं की त्याचाही भार वाढणार.

आत्या : दादाला विचारलंस?

भाचा : त्यांना विचारलं तर ते ‘खेळ सोड’ म्हणतील.

आत्या : म्हणतील किंवा नाही म्हणणार. मुद्दा वेगळा आहे. आपल्या निर्णयाचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर जाणार असेल, तर निदान त्याला तो कळला पाहिजे. हौस तुझी आणि हप्ता त्याचा, आणि त्याला त्याचा पत्ता नाही, हे मला पटत नाही. तेव्हा सरळ सामना सोड. शेवटी तो छंद आहे.

भाचा : इथे तुझं चुकतंय, आत्या. मी लेफ्ट टॅकल खेळतो. आमचा क्वार्टरबॅक उजव्या हाताचा. चेंडू फेकायला तो वळला की त्याची पाठ डावीकडे असते आणि तिकडून येणारा माणूस त्याला दिसत नाही. त्या बाजूला मी उभा असतो. माझा पहिला पाय अर्ध्या पावलानं उशिरा मागे गेला, तर शंभर किलोंचा गडी त्याच्या बेसावध पाठीवर आदळतो. माझ्या जागी जाणारा मुलगा या वर्षीच आलाय, कॉलेजचा पहिल्या वर्षाचा. मी नाही गेलो, तर संघाचं बळ कमी होईल हा एक भाग. पण त्या दोघांपैकी कुणाचा तरी खांदा, गुडघा, मान धोक्यात येईल. मला हा छंद म्हणता येत नाही. मी कुणाची तरी पाठ राखायचं कबूल केलंय.

आत्या : हे मला माहीत नव्हतं. शब्द मागे घेते. मग हा अभ्यास आणि करमणूक यांचा झगडा नाही. दोन्हीकडे कर्तव्यच आहे. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिलं, १९१५ साली ते छापलं गेलं. त्यातलं ‘कर्मजिज्ञासा’ हे प्रकरण नेमकं याच पेचावर आहे. अर्जुनासारखाच पेच दाखवायला ते शेक्सपियरचा हॅम्लेट आणि कोरिओलेनस पुढे आणतात. धर्म आणि अधर्म यांतून निवड करणं सोपं. धर्माविरुद्ध धर्म उभा राहिला की माणूस गोंधळतो, आणि गोंधळला म्हणून तो दुबळा ठरत नाही.

भाचा : मग कसं ठरवायचं? जिथे माझ्यावाचून अडेल, तिथे जायचं?

आत्या : कसोटी वाईट नाही. पेपर तुझ्याऐवजी कुणी देऊ शकत नाही, मैदानात बदली खेळाडू असतो.

भाचा : पण ती पुरत नाही. लोरॉं दुव्हर्ने-तार्दिफ म्हणून एक खेळाडू होता, कॅनडाचा. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून २०१८ मध्ये वैद्यकीय पदवी घेतली. कॅन्सस सिटी चीफ्सकडून खेळताना फेब्रुवारी २०२० मध्ये सुपर बोल जिंकला. त्याच वर्षी कोरोना आला, तेव्हा अख्खा हंगाम सोडून तो वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रात कामाला गेला. रेसिडेन्सी झाली नव्हती, म्हणून डॉक्टर म्हणून नाही, साध्या मदतनीसाचं काम केलं. ते दुसरं कुणीही करू शकलं असतं. संघातली त्याची जागा भरणं त्याहून अवघड होतं. तरी तो गेला.

आत्या : वा. म्हणजे ‘माझ्यावाचून अडतं का’ यापेक्षा ‘गरज कुठे मोठी आहे’ हा प्रश्न त्याला मोठा वाटला. आणि हंगाम सुरू व्हायच्या आधी त्यानं सांगितलं ना?

भाचा : हो, जुलैमध्ये.

आत्या : बघ, तुझी तिन्ही उदाहरणं घे. रोल, टिळक, हा दुव्हर्ने-तार्दिफ. एकानं दोन्ही साधलं, एकानं अभ्यास बाजूला ठेवला, एकानं खेळ. निवडी तीन तऱ्हेच्या, पण तिघांनीही वेळेवर ठरवलं. ऐन क्षणी कुणाला तोंडघशी पाडलं नाही. आता मला सांग, तू येणार नाहीस हे प्रशिक्षकाला रविवारी सकाळी कळलं तर काय होईल?

भाचा : नवा मुलगा तसाच उभा राहील. क्वार्टरबॅक मार खाईल.

आत्या : आणि आज कळलं तर?

भाचा : आज... आज कळलं तर पुष्कळ करता येईल. डाव्या बाजूला टाइट एंड लावता येईल, म्हणजे त्या मुलाच्या शेजारी एक जास्तीचा गडी राहील. रनिंग बॅकला आधी त्या बाजूच्या हल्लेखोराला धक्का देऊन मग पुढे धावायला सांगता येईल. लांब पास कमी करून चेंडू पटकन हातावेगळा होईल असे डाव निवडता येतील. मंगळवारी आणि गुरुवारी सराव आहे, त्या मुलाला मी स्वतः पाय मागे घ्यायला शिकवू शकतो.

आत्या : म्हणजे ज्या धोक्याचं तू मघाशी वर्णन केलंस, त्यातला मोठा भाग तुझ्या गैरहजेरीत नव्हता, तुझ्या गप्प बसण्यात होता. आपल्याकडे तालमीत पोर आजारी पडलं तर वस्ताद रागावत नाही. न सांगता गायब झालं तर मात्र त्याला पुढं करताना विचार करतो.

भाचा : पटलं. पण मग ‘वेळेवर सांग आणि मोकळा हो’, इतकं सोपं आहे?

आत्या : मोकळा होत नाही माणूस. बर्नार्ड विल्यम्स नावाचा इंग्रज तत्त्वज्ञ होता. त्याचं म्हणणं, दोन कर्तव्यांच्या झगड्यात तू योग्य निवड केलीस तरी न पाळलेलं कर्तव्य नाहीसं होत नाही. त्याची रुखरुख उरते, आणि ती उरणंच योग्य. संघ हरला तर तुला लागेल. लागू दे. ज्याला काहीच लागत नाही, त्यानं निवड केलीच नाही, फक्त सुटका करून घेतली.

भाचा : मी पेपर देतो, आत्या. सामना महत्त्वाचा नाही म्हणून नव्हे. रविवारचा माझा भाग मी या आठवड्यात आधी करून ठेवू शकतो, त्या मुलाच्या पायांत, प्रशिक्षकाच्या आखणीत. सोमवारचा भाग आधी करून ठेवता येत नाही, आणि तो चुकला तर बाबांना न विचारता त्यांच्यावर टाकल्यासारखं होईल.

आत्या : आणि पुढच्या वर्षी?

भाचा : परीक्षांच्या तारखा लागल्या की त्याच दिवशी प्रशिक्षकाला पाठवेन. कुठले सामने जमणार नाहीत ते हंगामाच्या तोंडाशीच सांगेन. त्यांना त्या अटीवर मी नको असेन, तर तेही त्यांना वेळेवर ठरवता येईल.

आत्या : समतोल म्हणतात तो हाच. एका शनिवार-रविवारात तो साधायला गेलास की कुणाची तरी फसवणूक होते. अख्ख्या वर्षावर मांडलास, आणि ज्यांच्यावर त्याचा भार पडणार त्यांच्या देखत मांडलास, तर एखादा पेपर, एखादा सामना गेला तरी तुझ्या शब्दावरचा भरवसा जात नाही. आता मला आणखी विचारू नकोस. आधी प्रशिक्षकाला फोन लाव, मग दादाला.