शिट्टी आणि खराटा

हागणदारीमुक्तीचा विषय निघाला की ‘गुड मॉर्निंग’ पथकांचे कौतुक हमखास होते. पहाटे डबा घेऊन निघालेल्या माणसाला गाठायचे, शिट्टी फुंकायची, हातात फूल द्यायचे, फोटो काढायचा. आणि हा गाडगेबाबांचा वारसा म्हणून सांगायचा. बाबांच्या वाटेच्या हे अगदी उलट आहे.

बाबा गावात शिरले की आधी खराटा आणि मग रात्री कीर्तन. कीर्तनातही प्रश्न त्यांचे, उत्तरे समोरच्यांची. स्वतः वाकल्याशिवाय त्यांनी कुणाला बोल लावला नाही. गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी 1932 मध्ये तुरुंगात मैलासफाईचे काम मिळावे म्हणून उपोषण केले. मैला कोण उचलतो, हा प्रश्न टाळून स्वच्छतेवर बोलता येत नाही, हे दोघेही जाणून होते.

पुढचा काळ अनुदानाचा. 1986 मध्ये केंद्राचा ग्रामीण स्वच्छता कार्यक्रम आला, संडास उभे राहिले, कित्येकांत सरपण आणि गोवऱ्या भरल्या गेल्या.

मग 2000 साली तत्कालीन ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटलांच्या पुढाकाराने संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. बक्षिसाच्या चुरशीने आणि लोकलाजेने गावे बदलली, असा त्याचा अर्थ आजही लावला जातो. मला तो मुळातच चुकीचा वाटतो. बक्षीस मोजक्याच गावांना मिळणार हे उघड होते, तरी गावेच्या गावे श्रमदानाला उतरली. वाट पाहायला ठेकेदार नव्हता. काय करायचे ते गाव ठरवत होते आणि सरपंचाच्या हातातही झाडू होता.

बांगलादेशात कमल कार यांनी त्याच सुमारास घडवलेली हागणदारीमुक्तीची पद्धतही अशीच गैरसमजात सापडली. तिथे गावकरी स्वतः जमिनीवर गावाचा नकाशा काढत, शौचाच्या जागा दाखवत, तिथला मैला माश्यांच्या पायांनी ताटापर्यंत कसा येतो हे आपसांत बोलून ताडत. लाज वाटे, पण ती सगळ्या गावाला एकदम. बाहेरच्याने उपदेश करायचा नाही, ही अट होती. ही पद्धत महाराष्ट्रात आली तेव्हा यंत्रणेने लाज उचलली आणि अट टाकून दिली. 2003 चे निर्मल ग्राम पुरस्कार, मग 2 ऑक्टोबर 2019 ही मुदत घातलेले स्वच्छ भारत मिशन: उद्दिष्टाला तारीख असते, गावाच्या वादाला नसते.

शिट्टी कुणामागे वाजते? जिच्या घरामागे हातभर जागा नाही, जिला उन्हाळ्यात टँकरचे पाणी डोक्यावरून आणावे लागते, तिच्यामागे. त्या शिट्टीने पाणी येत नाही. बाई आणखी लवकर, आणखी अंधारात निघते.

आणि संडासाचा खड्डा? दोन खड्ड्यांच्या संडासात एक भरला की तो बंद करून दुसरा वापरायचा. वर्षभरानंतर पहिल्यात वास नसलेले खत उरते. तरी लोक ऐपतीबाहेरच्या मोठ्या टाक्या बांधतात किंवा खड्डा भरेल म्हणून संडास वापरतच नाहीत. उपसणार कोण, या प्रश्नाचे जुने उत्तर जातीने दिलेले आहे आणि ते मनातून गेलेले नाही. फेब्रुवारी 2017 मध्ये तेलंगणात वरंगळ जिल्ह्यातल्या गंगादेवीपल्लीत केंद्राचे स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः अशा खड्ड्यात उतरले आणि त्यांनी ते खत उपसले. आपल्या गावांतले पहिले खड्डे भरून वर्ष उलटेल तेव्हा सरपंच आणि ग्रामसेवकाने तेच करायला हवे, सगळ्यांसमक्ष.