परकेपणाचा पुरावा

बदलीचा हुकूम खिशात घालून परक्या प्रांतात उतरणाऱ्या माणसाला आपण परके आहोत ही जाणीव स्टेशनाबाहेर पडताच होते. बाजारात भाव विचारताना जीभ अडखळते, घर भाड्याने पाहताना दोनतीन दारे तरी नम्रपणे बंद होतात. परंतु या परकेपणाला एक मर्यादा असते, आणि ती इतकी सवयीची झालेली असते की आपल्या ध्यानातही येत नाही. येथे राहण्याचा तुम्हांला अधिकार काय, असे आपल्याला कोणी विचारीत नाही. विचारलेच तर हुकूम दाखवता येतो. आणि हुकूम नसला तरी घटनेचा १९ वा अनुच्छेद पाठीशी उभा असतो. १९६० नंतरच्या दशकात मुंबईतील कचेऱ्यांमधल्या दाक्षिणात्य कारकुनांविरुद्ध जी चळवळ उभी राहिली, तिच्यातही त्यांना नोकऱ्या देऊ नका असेच म्हटले गेले. ते या देशाचेच नव्हेत असे म्हणण्याची सोय नव्हती. या मासिकाचे बहुतेक वाचक माझ्यासारखेच नोकरीच्या निमित्ताने घरापासून दूर पडलेले आहेत, म्हणून हा प्रश्न त्यांच्यापुढे मांडावासा वाटतो. ज्याच्यापाशी हुकूमही नाही आणि अनुच्छेदही नाही, अशा माणसाला देशाबाहेर घालवणारा कायदा न्याय्य केव्हा ठरतो?

या प्रश्नाशी माझी गाठ गुवाहाटीस पडली. २०१८ च्या जुलैत मी तेथे रुजू झालो, आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेस आसामच्या राष्ट्रीय नागरिक नोंदवहीचा मसुदा प्रसिद्ध झाला. चाळीस लाखांहून अधिक अर्जदारांची नावे त्यात नव्हती. मधल्या सुट्टीत डबे उघडले की दुसरा विषय निघत नसे. एका पक्षाचे म्हणणे असे की, कायदा तो कायदा. जो रात्रीच्या अंधारात सीमा ओलांडून आला त्याने दिवसाच्या उजेडात हक्क मागू नयेत, रीतसर अर्ज करून वाट पाहणाऱ्यावर तो अन्याय आहे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, भुकेल्या माणसाला सीमा कसली; पृथ्वी कोणाच्या बापाची नव्हे. गंमत अशी की दोन्ही पक्षांतील बहुतेक बोलणारे बिहार, केरळ, बंगाल किंवा आमच्यासारखे सातारा-नागपूरकडचे होते. ज्यांच्या भूमीचा हा प्रश्न, ते आसामी सहकारी बहुधा मुकाट्याने जेवत असत.

पहिल्या पक्षाला एवढेच सांगावेसे वाटते की, ज्या रांगेचा तो उल्लेख करतो ती रांग मैमनसिंगच्या भूमिहीन शेतमजुरासाठी कधी अस्तित्वातच नव्हती. दुसऱ्या पक्षाला मात्र उत्तर देणे मला अधिक आवश्यक वाटते, कारण आमच्यासारख्या चार बुके वाचलेल्यांचा ओढा तिकडेच असतो. जोसेफ कॅरन्स या तत्त्वचिंतकाने १९८७ साली एका निबंधात श्रीमंत देशाच्या नागरिकत्वाची तुलना सरंजामशाहीतील जन्मसिद्ध विशेषाधिकाराशी केली. युक्तिवाद म्हणून तो बिनतोड आहे. परंतु आसामात येणारा निर्वासित कोणा श्रीमंताच्या वाड्यात शिरत नव्हता. एका गरिबाच्या शेतालगत दुसरा गरीब झोपडी घालीत होता.

आमचे घरमालक निवृत्त शिक्षक होते. आम्ही त्यांना सर म्हणत असू. विद्यार्थिदशेत ते १९७९ ते १९८५ च्या आसाम आंदोलनात होते आणि दोन वेळा तुरुंगात जाऊन आले होते. एके संध्याकाळी मी माझे मानवतावादाचे पाठांतर त्यांच्यापुढे म्हणून दाखवले. शांतपणे ऐकून घेऊन ते म्हणाले, "तुमचा नातू तुमची भाषा बोलेल याविषयी तुम्हांला कधी शंका आली आहे काय? मला रोज येते." मग त्यांनी त्रिपुराचे नाव घेतले. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत तेथील आदिवासी निम्म्याच्या आसपास होते. फाळणी झाली, पूर्व बंगालमधून लोंढे आले, आणि २०११ च्या जनगणनेत त्यांचे प्रमाण ३१.८ टक्के भरले. आसामातही त्याच जनगणनेत असमिया ही मातृभाषा सांगणारे निम्म्याहून थोडे कमीच होते. या भीतीला संकुचितपणा म्हणणे फार सोपे आहे. महाराष्ट्रात बारा कोटी माणसांच्या मधोमध जन्मलेल्याने तरी ते म्हणू नये.

पुढे एका रजेत आम्ही तवांगला गेलो. अरुणाचलात जाण्यास आपल्यालाही परवाना लागतो. १८७३ च्या नियमाने आखलेली ती 'इनर लाइन' अजून आहे. स्वतःच्याच देशात परवान्याचा कागद हाती धरून मी चौकीवर उभा राहिलो, आणि मला अपमान वाटला नाही. डोंगरातल्या लहान लहान जमातींना आपले दार किती उघडावे हे ठरवण्याचा थोडा तरी अधिकार असावा, हे मनाला पटले. जी गोष्ट आपल्याच नागरिकाविरुद्ध पटते, ती परदेशी माणसाविरुद्ध पटू नये याला कारण नाही. तेव्हा सीमा असावी, ती राखण्याचा राज्याला हक्क असावा, हे मी मान्य करून चाललो आहे. लोकमताने हा हक्क स्वतःच्या हाती घेतला तर काय होते तेही आसामने पाहिले आहे. १८ फेब्रुवारी १९८३ रोजी नेल्लीच्या परिसरात सरकारी आकड्याप्रमाणेच सुमारे अठराशे माणसे काही तासांत मारली गेली. सर सगळ्या विषयांवर बोलत, नेल्लीवर बोलत नसत. एकदा मी विचारले, तेव्हा ते उठून आत गेले.

मग अन्याय कोठे सुरू होतो? माझ्या मते तो सीमेवर सुरू होत नाही. सीमेपासून दूर, पुष्कळ वर्षांनंतर, एखाद्या टेबलावर सुरू होतो.

१५ ऑगस्ट १९८५ च्या आसाम कराराने आणि त्यानंतर नागरिकत्व कायद्यात घातलेल्या ६ क या कलमाने एक रेघ आखली. १९६६ पूर्वी आलेले नागरिक. त्यानंतर २४ मार्च १९७१ पर्यंत आलेल्यांनी नोंदणी करावी आणि दहा वर्षे मताधिकारावाचून राहावे. त्यापुढचे सारे बेकायदा. २०२४ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी हे कलम वैध ठरवले. रेघ कोठेतरी ओढावीच लागते, आणि ही रेघ वाटाघाटीतून आली होती हे तिचे बळ आहे. पण ती आखल्यानंतर राज्य स्वस्थ बसले. १९७२ साली आलेला तरुण राबला, म्हातारा झाला, मेला. त्याची मुले येथेच जन्मली. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेले मूल सामान्य नियमाने नागरिक होते. मग आईबापांपैकी एक नागरिक असावा अशी अट आली, आणि ३ डिसेंबर २००४ पासून दुसराही बेकायदा आलेला नसावा अशी. ज्या मुलाने कोणतीच सीमा ओलांडली नाही, ज्याने नदीपलीकडचा देश डोळ्यांनी पाहिलेला नाही, ते मूलही 'बेकायदा स्थलांतरित' या शब्दाखाली येऊ शकते. क्रियापदावाचून कर्ता, असा हा प्रकार आहे.

आपल्या मुदतीच्या कायद्यात एक विलक्षण तरतूद आहे. दुसऱ्याच्या जमिनीवर कोणी उघडपणे, अखंड आणि मालकाचा हक्क नाकारून बारा वर्षे ताबा ठेवला, तर मालकाचा दावा बुडतो. जमीन सरकारची असेल तर तीस वर्षांनी. जो मालक इतका काळ झोपला त्याची तक्रार आता ऐकू नये, एवढेच त्यामागचे तत्त्व. जमिनीच्या बाबतीत अतिक्रमण करणाऱ्यालाही काळ जे देतो, ते माणसाला स्वतःच्या वास्तव्याच्या बाबतीत का देऊ नये? कॅरन्सनेही पुढे हेच म्हटले, की वास्तव्याच्या वर्षांबरोबर राहण्याचा नैतिक हक्क वाढत जातो. हा मुद्दा मी सरांना सांगितला, तेव्हा ते हसून म्हणाले, "आम्हांला नेमकी याचीच तर भीती आहे." यावर माझ्यापाशी पुरते उत्तर नव्हते, आजही नाही. मुदतीची वाट पाहात दडून राहणाऱ्याला हे तत्त्व बक्षीस देते, हे खरे. तरीही मालकाने पन्नास वर्षे झोपावे आणि जागे झाल्यावर नातवाला जाब विचारावा, हे मनाला पटत नाही.

२०१९ च्या डिसेंबरातील दुरुस्तीविषयी थोडक्यातच सांगतो. तीन शेजारी देशांतून २०१४ अखेरपर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना तिने वाट दिली. छळातून पळालेल्याला आसरा द्यावा, हे उदात्तच आहे; परंतु मग छळ मोजावा, धर्माचे नाव नव्हे. एकाच रात्री एकाच होडीतून उतरलेल्या दोघांना दोन मापे लावणाऱ्या कायद्याचा न्याय मला दिसत नाही. सरांचा विरोध वेगळ्याच कारणासाठी होता: त्यांना दोघेही नको होते.

आता पुराव्याकडे वळतो, कारण तो माझ्या धंद्याचा विषय आहे. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याने आपण परके नाही हे सिद्ध करण्याचे ओझे त्या व्यक्तीवरच टाकले. १९८३ साली आसामपुरता वेगळा कायदा करून ते दुसऱ्या बाजूस नेले गेले. वीसेक वर्षांत सुमारे दीड हजार माणसेच परत पाठवली गेली, आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. १९४६ चा कायदा जाऊन २०२५ चा आला, पण ओझे होते तेथेच राहिले. सरकारवर ओझे टाकले तर काहीच होत नाही, ही तक्रार खोटी नव्हती. पण दुसऱ्या बाजूला काय होते तेही पाहावे. १९८५ पासून २०१९ च्या आरंभापर्यंत सुमारे चौसष्ट हजार माणसे न्यायाधिकरणांपुढे हजर नसताना, एकतर्फी निकालाने परकी ठरली. मसुद्यातून वगळलेल्या चाळीस लाखांपैकी निम्म्याहून अधिक लोक ३१ ऑगस्ट २०१९ च्या अंतिम यादीत आले. म्हणजे ते वर्षभर उगाचच परके होते. शेवटी १९,०६,६५७ उरले. त्यांतले खरोखर परके किती आणि केवळ कागदाला पारखे किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या बाईंचा नवरा यादीत होता, दोन्ही मुलगे होते, त्या नव्हत्या. शाळा माहीत नाही, जन्माची नोंद नाही, पंधराव्या वर्षी लग्न होऊन दुसऱ्या गावी आलेल्या. मतदारयादीत प्रथम नाव आले ते नवऱ्याच्या नावासह. वडिलांशी नाते जोडणारा एकमेव कागद म्हणजे ग्रामपंचायतीच्या सचिवाचा दाखला. असे दाखले उच्च न्यायालयाने २०१७ च्या फेब्रुवारीत निरुपयोगी ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबरात, तपासणीच्या अटीवर, पुन्हा ग्राह्य धरले. लक्षावधी बायकांचे नागरिकत्व त्या दहा महिन्यांत अधांतरी होते. शिवाय त्यांचे माहेर ब्रह्मपुत्रेतल्या चरावर. ते बेट नदीने केव्हाच गिळलेले.

त्या रात्री मला माझी आई आठवली. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ती कृष्णा. लग्नात वडिलांनी तांदळाच्या ताटात अंगठीने सुनीता लिहिले. त्या दिवशी तिच्या नावाचे तिन्ही शब्द बदलले. लग्नाची नोंदणी नाही. मी भावाला फोन करून विचारले की, कृष्णा आणि सुनीता एकच हे दाखवणारा कागद घरात आहे काय? त्याने दोन दिवस ट्रंका धुंडाळल्या. नव्हता. आम्हांला तो कधी लागला नव्हता, एवढाच त्या बाईंत आणि माझ्या आईत फरक.

आणि आणखी एक गोष्ट आठवली, जी सांगणे मला सुखाचे नाही. काही वर्षांपूर्वी, एका दुसऱ्या कचेरीत, कुटुंब निवृत्तिवेतनाचे एक प्रकरण माझ्या टेबलावर होते. सेवापुस्तकात विधवेचे नाव एका तऱ्हेने, बँकेत दुसऱ्या तऱ्हेने. मी शेरा मारला: 'नावात तफावत; खुलासा मागवावा.' नियमाने तो योग्यच होता. प्रकरण तीन वेळा परत गेले, आठ महिने लागले. शेवटी ती बाई स्वतः आली आणि तक्रारीच्या सुरातही नव्हे, नुसती म्हणाली, "साहेब, मला लिहिता येत नाही. दोन्ही ठिकाणी लिहिणारे तुम्हीच होता." माझ्या शेऱ्याची किंमत आठ महिन्यांचे वेतन होती. तोच शेरा न्यायाधिकरणापुढे पडला की किंमत देश असते.

२०२४ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने एका आसामी शेतकऱ्याच्या प्रकरणात सांगितले की, नुसत्या संशयावर कोणाला पुरावा मागता येणार नाही, आधी काही आधार हवा. आणि नावाच्या वर्णात किंवा तारखेत किरकोळ फरक पडला म्हणून कोणी परका ठरत नाही. हे वाचले तेव्हा मी गुवाहाटी सोडून दोन वर्षे झाली होती. निकालाचे वृत्त मी सरांना पाठवले. त्यांचे उत्तर आले, की निकाल ठीक आहे, पण सीमेवर अजून कुंपण अपुरेच आहे.

त्यांच्याच घरात, त्यांच्या पोलादी कपाटात, वरच्या कप्प्यात, एका प्लॅस्टिकच्या पिशवीत त्या बाईंचे सगळे कागद असत. अर्ज भरून घ्यायला, सुनावणीला, रांगेत उभे राहायला सर स्वतः तिच्याबरोबर तीन वेळा गेले होते. निघण्याच्या आदल्या दिवशी मी निरोप घ्यायला गेलो तेव्हा ती पिशवी तेथेच होती. तिच्या घरात दर पावसाळ्यात पाणी शिरते.